एक्केचाळिसावी पेटी

"साडेपाच तास म्हटलंस ना गो बाय?" आबा म्हणाले. "हंय बसान साडेपाच तास झाले."

त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, पण हिशेब बरोबर होता. आमचा टेम्पो मुंबई विमानतळाच्या मालगोदामाच्या गेटपाशी सकाळी सात वाजता लागला होता आणि आता साडेबारा होत होते. आबा गेटसमोरच्या कठड्यावर, एका बंद टपरीच्या हातभर सावलीत बसले होते. डोक्यावर ओला टॉवेल, पायांत गावाहून निघताना मुद्दाम घातलेले नवे बूट. एक बूट काढून त्यांनी शेजारी ठेवला होता.

काझी कागद हलवत गेटातून बाहेर आला. हा क्लिअरिंग एजंटाचा माणूस, मूळचा राजापूरचा. माल आत पोचवायचा, कागद पुढे सरकवायचे, शिक्के आणायचे, हे त्याचं काम.

"मॅडम, तुमचा माल किती?"

"चाळीस पेट्या."

"कागदावर चाळीस. बरोबर. गेटवाल्याने मोजल्या एक्केचाळीस."

"शक्य नाही."

मी स्वतः मोजल्या होत्या. शुक्रवारी देवगडला सरकारी तपासनीस एकेका पेटीवर नंबराची चिठ्ठी चिकटवत होता, तेव्हा मी बाजूला उभी राहून वहीत खुणा करत होते. तेव्हा मी एका दैनिकाची तालुका वार्ताहर होते. रोज चारच्या आत बातमी फॅक्सने पाठवायची आणि आकडा दोनदा तपासल्याशिवाय द्यायचा नाही, हे अंगवळणी पडलं होतं.

"मी पण तेच बोललो, शक्य नाही," काझी म्हणाला. "मग त्याने मला आत नेऊन दाखवली. एक पेटी आहे, तिला चिठ्ठी नाय, पट्टी नाय. सुंभाने बांधलीय. सुंभाने! चौदा वर्षं झाली मला इथे. सुंभाने बांधलेली पेटी विमानात जाताना बघितली नाय."

मी आबांकडे पाहिलं. ते रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षेकडे फार लक्ष देऊन बघत होते.

"आबा, ती पेटी तुम्ही ठेवलीत?"

"मगे कोण ठेवतलो?"

"कधी?"

"निघताना. तू चप्पल घालूक गेल्लंस तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"त्यात सांगूचा काय? मोजून कोणाक माल देतत? वर एक घालूक लागता. माझो बापूस शंभर आंबे दिल्यार एकशे एक मोजी."

"काका, शंभरावर एक आंबा ठीक आहे," काझी म्हणाला. "तुम्ही अख्खी पेटी वर घातली. आणि हे विमान आहे, बैलगाडी नाय."

"बैलगाडी असती तर आतापर्यंत खारेपाटणाक पोचली असती," आबा म्हणाले.

"काढून टाका ती," मी काझीला म्हणाले.

"कशी काढू? गेटच्या रजिस्टरात एक्केचाळीस लिहिलंय. आत चाळीस गेल्या तर विचारणार, एक कुठे गेली? एक्केचाळीस गेल्या तर विचारणार, दाखला चाळीसचा का? फळाला कीड नाही, असा जो सरकारी दाखला आहे ना तुमचा, तो आता एक्केचाळीसचा पायजे."

"कुठे मिळतो?"

"ती समोरची बिल्डिंग. दुसरा मजला."

"चला."

"आज रविवार, मॅडम."

मी हातातली वही बंद केली. त्या वहीत मी पूर्ण वेळापत्रक आखलं होतं. शनिवारी संध्याकाळी सातला देवगड. रविवारी सकाळी सातला विमानतळ. दुपारी दोनपर्यंत कागदपत्रं. रात्रीचं विमान. मुंबई ते सिंगापूर तीन हजार नऊशे किलोमीटर, साडेपाच तास. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे. सोमवारी सकाळी माल उल्हासच्या ताब्यात, बुधवारी अक्षय्य तृतीया. दोन दिवस हातात राखून ठेवले होते. त्यातला एक अर्ध्या तासात गेला.

"ती पेटी एवढी कशाला हवी होती?" मी आबांना विचारलं. माझा आवाज चढला होता. "चाळीस होत्या ना?"

"ते चाळीस लोकांचे," आबा म्हणाले. "ही विहिरीवरच्या कलमाची."

मी वही पिशवीत टाकली.

विहिरीवरचं कलम आईचं. तिनेच लावलेलं, दुसऱ्या कोणाला पाणी घालू न दिलेलं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तितकीच वर्षं आबा उल्हासशी बोलले नव्हते. उल्हास माझा धाकटा भाऊ, सिंगापूरला एका जहाज कंपनीत नोकरीला. आबा त्याच्याशी का बोलत नाहीत हे सगळ्या गावाला माहीत होतं. आई गेली तेव्हा तो वेळेवर पोचला नाही. पोरगा साडेपाच तासांवर असून आईला खांदा द्यायला आला नाही, असं लोक म्हणत. आबा तेवढंही म्हणत नसत. त्याचा फोन आला की उठून बागेत जात.

आमच्या घरात अक्षय्य तृतीयेला गेलेल्या माणसांना आंबा दाखवल्याशिवाय कोणी आंबा तोंडात घालत नाही. उल्हासही तिकडे हे पाळत होता. त्या वर्षी मार्चमध्ये त्याचा फोन आला. तिथल्या मराठी मंडळींना सणाला आंबे हवे आहेत, चाळीस डझन. शेवटी म्हणाला, "ताई, जमलं तर आईला दाखवायला घरचे चार आंबे घाल त्यात. आबांना विचारून."

मी आबांना सांगितलं. दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "किती आणे काढूचो?"

म्हणजे पाठवायला तयार होते.

आमच्याकडे आंब्याची तयारी आण्यांत मोजतात. झाडावरच पिकलेला तो सोळा आणे. चौदा आणे उतरवलेला आठवड्याभरात पिकतो, बारा आण्यांचा त्याहून चार-पाच दिवस जास्त घेतो. मुंबईला चौदा आणे, दिल्लीला बारा आणे, असं आबांचं चाळीस वर्षांचं गणित.

"सिंगापूर लांबचो गाव," ते म्हणाले. "बारा आणे काढूया."

"बारा आणे सणापर्यंत पिकणार नाही, आबा. आणि लांब कसलं? विमानाने साडेपाच तास. मुंबईला टेम्पो बारा तास घेतो."

आबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "होय," ते म्हणाले. "साडेपाच तास. तूच सांगल्लंस."

निघण्याआधीच्या मंगळवारी चौदा आणे आंबा उतरवला.

रविवारी दोन वाजता उल्हासचा फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं. सुंभ ऐकून तो हसला. मग त्याने विचारलं,

"पेटी आबांनी स्वतः ठेवली?"

"हो."

"विहिरीवरची?"

"हो. तिच्यामुळेच अडकलोय."

"अडकू दे," तो म्हणाला. "ताई, काय वाट्टेल ते कर, पण ती पेटी मागे ठेवू नको."

त्या दिवशी आम्ही पार्ल्याला आबांच्या मावसभावाकडे राहिलो. सोमवारी सकाळी साडेनऊला मी दुसऱ्या मजल्यावरच्या बंद दारासमोर उभी होते. दार दहाला उघडलं. तपासणी अधिकारी साडेअकराला आले. त्यांनी कागद पाहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एक पेटी जास्त कशी झाली?"

"वडिलांनी वर घातली."

"वर म्हणजे?"

"मोजून झाल्यावर वर एक द्यायची पद्धत आहे, साहेब."

"कुणाची पद्धत?"

"आमची."

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे पाहिलं. "बघा, यांची पद्धत. उद्या कोणी मोजून झाल्यावर वर एक म्हैस घालेल." बाई हसल्या. मीही हसले, कारण सही त्यांची हवी होती.

जेवणाची सुट्टी संपवून अडीचला ते गोदामात आले. आबांना आत सोडायला गेटवाला तयार नव्हता. ओळखपत्रावर नाव दत्ताराम होतं आणि पासवर दत्ताजी. काझीने पास बदलून आणला, त्यात पंचवीस मिनिटं गेली. अधिकारी सुंभाची गाठ सोडायला लागले. त्यांना ती सुटेना. कात्री मागितली.

"कापू नको," आबा म्हणाले. त्यांनी पुढे होऊन एका बोटाने गाठ सोडली. आत भाताचं पिंजार, त्यात बारा आंबे, देठ सगळ्यांचे एका बाजूला. अधिकाऱ्यांनी एक उचलून उलटसुलट केला, देठापाशी बघितलं, वास घेतला. मग दुसरा घेतला नाही.

"हे पिंजार चालणार नाही," ते म्हणाले. "कागदाची कात्रणं घाला."

काझी कुठूनतरी कात्रणं घेऊन आला. आबांनी पिंजार काढलं आणि गुंडाळून पिशवीत ठेवलं. तीन चाळीसला एक्केचाळिसाचा दाखला माझ्या हातात पडला. चारला माल घेणं बंद होतं. काझी ट्रॉली ढकलत अक्षरशः पळाला आणि चार वाजून दोन मिनिटांनी पावती फडकवत बाहेर आला.

"गेला, काका! तुमचं सुंभ पण गेलं."

आबांनी खिशातून खडीसाखरेची पुडी काढली आणि त्याच्या हातावर दोन खडे ठेवले. काझीने ते तोंडात टाकले.

"रात्री उडणार, सकाळी तिकडे," तो म्हणाला. "साडेपाच तास."

"बघूया," आबा म्हणाले.

मंगळवारी सकाळी आठला मी चहा घेत असताना काझीचा फोन आला.

"मॅडम, माल उतरवला."

"सिंगापूरला?"

"इथेच. विमान भरलेलं होतं. प्रवाशांचं सामान जास्त झालं, वजन बसेना. मग काय काढतात? तुमच्या-आमच्यासारख्यांचं काढतात. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस शेडमध्ये पडल्यात."

"आजच्या विमानात?"

"या तुम्ही इकडे. बघू."

आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. काझी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जात होता आणि मी त्याच्यामागून. पहिल्या खिडकीत सांगितलं, विमान कंपनीला विचारा. कंपनीच्या माणसाने सांगितलं, कालच्या पावतीवर आजची जागा मिळत नाही, नवीन नोंद करा. नोंद करणारा म्हणाला, जुनी रद्द झाल्याशिवाय नवीन कशी करू. रद्द करणारा जागेवर नव्हता. तो अकराला आला, त्याने रद्द केली. तोपर्यंत आजच्या विमानातली जागा भरली होती.

"उद्या रात्रीची देतो," नोंद करणारा म्हणाला.

"उद्या अक्षय्य तृतीया आहे."

"मग परवा सकाळी पोचेल ना. अक्षय्य म्हणजे न संपणारी. परवा करा."

तो चेष्टेने बोलला होता, वाईट माणूस नव्हता. पण माझ्या हातातलं पेन मी त्याच्या काउंटरवर इतक्या जोराने ठेवलं की त्याचं टोपण निघून खाली पडलं. काझीने ते उचलून दिलं. "चला मॅडम," तो हळूच म्हणाला. "आधी काकांना माल बघू दे. तो टिकणार असेल तर पुढचं बोलू."

ट्रॉली शेडच्या तोंडाशी आणली गेली. वर पत्रे होते. मी दहा पावलांवर असतानाच वास आला. घरी आढीपाशी तो वास आला की मला बरं वाटायचं. तिथे मी चालायची थांबले.

आबांनी कुठलीच पेटी उघडली नाही. वाकून एकेका पेटीच्या भोकापाशी नाक नेलं. सातआठ पेट्या झाल्यावर ते सरळ उभे राहिले.

"उद्या सकाळी तयार," ते म्हणाले. "परवा रस गळतलो."

"काका, थंड खोलीत ठेवायला सांगू?" काझीने विचारलं.

"आता ठेवून काय उपेग? पिकूक लागलेलो आंबो मागे फिरणा नाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बारा आणे काढूक होयो होतो."

साडेपाच तास हा आकडा मी छापील वेळापत्रकात पाहिला होता, विमान कंपनीला फोन करून विचारला होता. तो बरोबरच होता.

आम्ही बाहेर आलो. आबा पुन्हा त्याच कठड्यावर बसले आणि त्यांनी एक बूट काढला. टपरी आज उघडी होती. काझीने तीन चहा आणले. आबांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत. डाव्या हाताची बोटं अंगठ्याने मोजायला लागले.

"शनवार. आयतवार. सोमवार. मंगळवार." ते थांबले. "चार दिवस झाले, बाय. आणि आमी अजून मुंबयतच."

"हो."

"साडेपाच तासांचो गाव."

"हो, आबा."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तेका पण असांच झालां असतलां काय?"

मला लगेच कळलं ते कोणाबद्दल विचारतायत. तरी मी विचारलं, "कोणाला?"

"उल्हासाक. तेव्हा."

काझी लांब बघायला लागला.

मी "हो" म्हणाले असते तर काम झालं असतं. आबा स्वतःच तिथवर आले होते. चार दिवस खिडक्या-खिडक्यांवरून फिरून, बूट चावून, घाम गाळून ते त्या एका प्रश्नापर्यंत पोचले होते आणि उत्तर त्यांना हवं तेच होतं. एका शब्दात त्यांना मुलगा परत मिळाला असता. मला काहीच सांगावं लागलं नसतं.

पण तो त्यांचा अंदाज होता. माझ्याकडे पक्की बातमी होती. तीन वर्षं होती.

"त्याचा फोन आला होता," मी म्हणाले.

"कधी?"

"आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. सात चाळीसला."

मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"आई रात्री अकराला गेली. मी त्याला अकरा वीसला कळवलं आणि तुम्हाला येऊन सांगितलं की साडेपाच तास विमान, बारा तास रस्ता, संध्याकाळी पाचपर्यंत येईल. मी कागदावर बेरीज केली होती. तिकीट मिळायला लागणारा वेळ त्यात धरला नव्हता. सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, ताई, संध्याकाळच्याच विमानात जागा मिळाली. रात्री दहाला मुंबईत उतरेन, घरी यायला उद्या दुपार होईल. आबांना सांग, थांबू नका, करून घ्या. रडत होता."

"मगे?"

"मी तुम्हाला सांगायला बाहेर आले. तुम्ही वाटेवर उभे होतात. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतात, पाचाक येतलो, बायन हिशेब केल्यान. तात्या होते, शेजारचे होते. तुम्ही मला विचारलंत, तो निघालो? मी म्हटलं, निघाला."

तेवढंच म्हणाले होते मी. आबा साडेसहापर्यंत वाटेवर उभे राहिले. मी तीन वेळा दारापर्यंत गेले आणि तीनही वेळा कोणीतरी काहीतरी मागितलं, तांब्या, वात, कोरा कपडा, आणि ते शोधायला मी परत आत आले. सूर्य टेकला तेव्हा गावातल्या वडीलधाऱ्या तात्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की आता थांबता येणार नाही. उल्हास दुसऱ्या दिवशी पावणेबाराला आला. माझ्या फोनपासून छत्तीस तास पंचवीस मिनिटं. त्यात विमानात साडेपाच. आबा त्याच्याकडे न बघता बागेत निघून गेले.

"तेणा माका कधी सांगल्यान नाय," आबा म्हणाले. "फोन केल्लो म्हणान."

"नाही."

"तुका बोललो?"

"नाही. मलाही कधी काही बोलला नाही."

"तीन वर्सां."

"हो."

आबांनी काढलेला बूट उचलला. तळव्याकडे बघितलं. त्यात खडा नव्हता, तरी त्यांनी तो कठड्यावर दोनदा आपटला आणि पायात घातला. नाडी बांधायला त्यांना वेळ लागला. मी खाली वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतला.

मग ते काझीशी बोलले.

"ते चाळीस वाट."

"काय म्हणता काका?"

"हमाल आसत, डायवर आसत, तो गेटवालो आसा. वरचे सायब, ते पण. वाट सगळ्यांका. उद्या सणाक खातले."

"चाळीस पेट्या? काका, बाजारात दिल्या तर..."

"वाट म्हणतंय ना. एक सुंभाची तेवढी माका आणून दे. ती घराक नेतंय."

काझीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो उठतच होता तेवढ्यात माझ्या पिशवीतला फोन वाजला. दुपारचे दोन. रोजची वेळ.

"ताई, काय झालं? मिळाली आजची जागा?"

मी तोंड उघडलं, तर आबांचा हात माझ्यासमोर आला. पंजा उघडा. मी फोन त्या हातावर ठेवला. आबांनी तो उलटा धरला. काझीने सुलटा करून दिला.

"मी बोलतंय," आबा म्हणाले.

पलीकडून काहीतरी आलं, मला ऐकू आलं नाही.

"बरो आसंय. तू?"

ते ऐकत राहिले. समोरून एक मोठा ट्रक गेला, त्यांनी दुसरा कान हाताने दाबला.

"नाय. आंबो पिकलो. थंय पोचूचो नाय." थोडं थांबून ते म्हणाले, "तिका मी घराकडे दाखवतंय उद्या. तुझ्या नावान पण दाखवतंय. कलमार अजून पाचसात आसत. ते मी उतरूक देणा नाय कोणाक. तू ये."

पुन्हा ऐकलं. या वेळी बराच वेळ. त्यांचा आवाज साधा होता.

"तां माका आता कळला," ते म्हणाले. "आत्ताच. बायन सांगल्यान."

मी रस्त्याकडे बघत होते.

"किती तास लागतत तां नको सांगू," आबा म्हणाले. "माका तास नको. निघशीत तेव्हा फोन कर. माका कर. दुसऱ्या कोणाकडे सांगू नको. माकाच सांग."

त्यांनी फोन कानापासून काढला आणि त्याच्याकडे बघितलं. बंद कसा करायचा हे त्यांना माहीत नव्हतं. मी हात पुढे केला होता.

आबांनी फोन काझीच्या हातात दिला.

देवगडच्या एसटीत आम्हाला शेजारशेजारच्या जागा मिळाल्या. सुंभाची पेटी आबांच्या मांडीवर होती. कात्रणं काढून त्यांनी पिशवीतलं पिंजार पुन्हा आत भरलं होतं. पनवेलला मी विचारलं, "आबा, मी धरू का थोडा वेळ?"

"नको," ते म्हणाले.

मुंबई ते देवगड बारा तास. त्या दिवशी बरोबर बारा तासच लागले.